नोकरी, लोकल आणि पंचशील: ठाण्यात राहून धम्म रोजच्या जगण्यात आणताना

ठाण्यात, नवी मुंबईत धम्माकडे वळणाऱ्या माणसाला माहिती हवी तेवढी मिळते. गोंधळ होतो तो सुरुवात कुठून करायची याचा. कुणाला वंदना लहानपणापासून तोंडपाठ असते, पण डोळे मिटून दहा मिनिटं कधी बसलेलं नसतं. कुणी ऑफिसातल्या ‘माइंडफुलनेस’च्या सत्रातून आलेलं असतं, श्वास पाहता येतो, पण पंचशील म्हणजे काय ते ठाऊक नसतं. कुणी थेट दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन येतं, पंधरवडाभर भारावलेलं असतं आणि मग सगळं थंड पडतं.

मी वर्तकनगरला राहते, नोकरीसाठी रोज महापेला जाते आणि हे सगळं त्या धावपळीतच करते. नव्याने येणाऱ्यांना तेच तेच प्रश्न पडतात, म्हणून क्रमवार लिहिते आहे. आधी शील, मग श्वास, मग संगत आणि त्यानंतर शिबिर. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात आणि मध्येच अडकतात.

१. सुरू करण्याआधी एवढं मनाशी स्पष्ट करा

साधनेसाठी धर्म बदलावा लागत नाही, कुठला अर्ज भरावा लागत नाही. देवघर असलेल्या घरात राहूनही पंचशील पाळता येतं.

धम्मदीक्षा हा वेगळा निर्णय आहे. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी स्वतः दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली, त्या वेळच्या २२ प्रतिज्ञा हा आपल्याकडच्या दीक्षेचा गाभा आहे. जुन्या देवदेवतांची पूजा, श्राद्ध-पिंडदान आणि विषमता सोडण्याचा त्यात स्पष्ट शब्द आहे. त्या सगळ्या प्रतिज्ञा एकदा शांतपणे वाचा, घरात बोला. एखाद्या कार्यक्रमाच्या भरात दीक्षा घेऊ नका; घेतलीत तर मग पाळा.

२. पंचशील: आठवड्याला एक

पाच शीलं अशी: प्राण्यांची हत्या न करणं, न दिलेलं न घेणं, व्यभिचार न करणं, खोटं न बोलणं आणि नशा आणणारे पदार्थ न घेणं. विहारात ती पालीत म्हणतात. प्रत्येक ओळ ‘वेरमणी सिक्खापदं समादियामि’ने संपते, म्हणजे अमुक गोष्टीपासून दूर राहण्याचा नियम मी स्वतःहून घेतो. घेणारेही तुम्ही आणि पाळणारेही तुम्हीच.

पाचही एकदम पाळायला गेलात की आठवडाभरात हात टेकाल. त्यापेक्षा एका आठवड्यात एकाच शिलाकडे बारकाईने बघा.

पहिल्या आठवड्यात घरातली झुरळं आणि डास हाच खरा पेपर असतो. ओटा रात्री पुसून कोरडा ठेवा, खरकटं झाकून ठेवा, खिडक्यांना जाळी लावून घ्या. मारायची वेळच कमी येते. दुसऱ्या आठवड्यात ऑफिसच्या प्रिंटरवर काढलेली मुलाच्या प्रोजेक्टची पानं दिसतात आणि पास संपलेला असताना ‘आज राहू दे’ म्हणून केलेला प्रवासही. तिसऱ्याबद्दल फार सांगायला नको. आपलं आपल्याला ठाऊक असतं, आणि मोबाइलवर आपण काय बघतो तेही त्यातच मोजा.

चौथ्यावर मात्र दोन आठवडे द्या. आपण दिवसभर जे खोटं बोलतो त्याला आपण खोटं मानतच नाही. घरातून पाऊलही बाहेर पडलेलं नसतं आणि फोनवर ‘निघालोय, पाच मिनिटांत पोचतो’. साहेबांना ‘मेल केलाय सर’ आणि मेल अजून ड्राफ्टमध्ये. सोसायटीच्या ग्रुपवर कुणाबद्दल आलेला मेसेज खातरजमा न करता पुढे ढकलणं हेही याच खात्यात.

बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलला, हेच शिकवलं. अंबलट्ठिका नावाच्या ठिकाणी राहुलने त्यांच्यासाठी आसन मांडलं, पाय धुवायला पाणी ठेवलं. पाय धुऊन झाल्यावर बुद्धांनी भांड्यात थोडंसं पाणी राखलं आणि विचारलं, राहुल, हे उरलेलं थोडंसं पाणी दिसतं? जाणूनबुजून खोटं बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याचं श्रमणपण, म्हणजे साधक म्हणून जगणं, एवढंसंच उरतं. मग ते पाणी ओतून दिलं, भांडं पालथं केलं, पुन्हा सुलटं करून रिकामं दाखवलं आणि प्रत्येक वेळी तीच गोष्ट सांगितली. मग विचारलं, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसं प्रत्येक कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर तपासून पाहा: यातून माझं, दुसऱ्याचं किंवा दोघांचंही नुकसान होतंय का? सम्राट अशोकाने भाब्रूच्या शिलालेखात भिक्खूंनी आणि उपासक-उपासिकांनी पुन्हा पुन्हा ऐकावेत म्हणून जे मोजके उपदेश नावानिशी कोरून घेतले, त्यात राहुलला केलेला, खोटं बोलण्याबद्दलचा उपदेश आहे. रात्री झोपण्याआधी वहीत दोन ओळी लिहा: आज कुठे खोटं बोललो, कशासाठी. शिक्षा म्हणून लिहायचं नाही, नुसतं बघण्यासाठी लिहायचं.

पाचव्या शिलात नेहमीचा सापळा म्हणजे ऑफिसची पार्टी. ‘डॉक्टरांनी नको सांगितलंय’ म्हणून सुटका करून घेऊ नका. पाचवं वाचवताना चौथं जातं. ‘मी घेत नाही’ एवढं पुरतं. दोन-तीन पार्ट्यांनंतर कुणी विचारत नाही.

शील आधी का, याचं कारण अगदी व्यवहारी आहे. दिवसभर लपवालपवी करून संध्याकाळी डोळे मिटलेत, की श्वासाच्या जागी तीच लपवालपवी समोर उभी राहते.

३. जागा, वेळ, सामान

वन-रूम-किचनमध्ये ध्यानाची वेगळी खोली कुठून आणणार? एक कोपरा ठरवा आणि रोज तिथेच बसा. वेळ अशी निवडा की घरातल्या कुणाची गैरसोय होणार नाही. नळाला पाणी येण्याच्या, डबा भरण्याच्या वेळी तुम्ही डोळे मिटून बसलात तर घरच्यांना धम्माचा रागच येईल, आणि तो रास्त असेल. पाणी येण्याआधीची वीस मिनिटं बहुतेक घरांत मोकळी सापडतात.

लागणारं सामान:

- सतरंजी किंवा चटई आणि ढुंगणाखाली घ्यायला एक घट्ट उशी. गुडघे दुखत असतील तर पाठीचा ताठ आधार असलेली खुर्ची. यात काही कमीपणा नाही.
- गजराचं साधं घड्याळ. मोबाइल दुसऱ्या खोलीत, नाहीतर गजर बंद करताना तीन मेसेज वाचून होतात.
- एक वही.
- मांडी घातल्यावर न आवळणारे सैल कपडे. ऑफिसची पँट घालून बसू नका.

मूर्ती, मेणबत्ती, अगरबत्ती असेल तर छान. नसेल म्हणून थांबू नका. अंथरुणात बसून ध्यान करायला मात्र जाऊ नका, पाचव्या मिनिटाला घोरायला लागाल.

४. बसायचं कसं

पाठ आणि मान सरळ, डोळे अलगद मिटलेले. लक्ष नाकपुड्यांच्या तोंडाशी आणि वरच्या ओठाच्या वरच्या भागावर. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, एवढंच जाणायचं. तो लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. ओढायचा नाही, रोखायचा नाही. प्राणायाम वेगळा; आनापान, म्हणजे हे नुसतं श्वास पाहणं, वेगळं. मोजणी, जप, डोळ्यांसमोर चित्र असं काही जोडू नका. पुढे दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला (त्याबद्दल सातव्या भागात) गेलात तर तिथेही शुद्ध श्वासच पाहायला सांगतात, सवय मोडावी लागणार नाही.

मन पळणार. ईएमआय, मुलीची शाळा, कालचं भांडण. पळालं हे ज्या क्षणी कळलं, त्या क्षणी परत श्वासावर या. चरफडू नका. हे शंभर वेळा झालं तर शंभर वेळा परत या. ध्यान म्हणजे हे परत येणंच आहे. पहिले दोन आठवडे दहा मिनिटं, नंतर वीस. सुट्टीच्या दिवशी तासभर आणि सोमवारपासून काहीच नाही, हा प्रकार टाळा.

झोप ही पहाटे बसणाऱ्या प्रत्येकाची अडचण. बुद्धांचे पट्टशिष्य मोग्गल्लान मगधात साधना करताना डुलक्या घेत होते, तेव्हा बुद्धांनी त्यांना जे उपाय सांगितले ते आजही जसेच्या तसे उपयोगी पडतात. ज्या विचाराने सुस्ती येते तो सोडा. ऐकलेला धम्म मनात घोळवा, पाठ असेल ते म्हणा. दोन्ही कानांच्या पाळ्या ओढा, हातपाय चोळा. उठून डोळ्यांवर पाणी मारा, चारी दिशांना पाहा, आकाशातल्या ताऱ्यांकडे पाहा. मनात उजेडाची कल्पना करा. येरझाऱ्या घाला. आणि इतकं करूनही झोप जाईना, तर उजव्या कुशीवर झोपा, जाग आल्या आल्या उठायचं असं ठरवून. या शेवटच्या उपायामुळेच मला हा उपदेश फार जवळचा वाटतो. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला आधी झोपेचीच गरज असते.

इथले सापळे तीन. प्रकाश दिसला, अंग हलकं झालं, तर तो अनुभव उद्या पुन्हा मिळावा म्हणून बसू नका. महिन्याला पद्धत बदलू नका. आज ॲप, उद्या यूट्यूब, परवा मित्राने सांगितलेलं काहीतरी, यात काहीच मुरत नाही. आणि नैराश्य, तीव्र चिंता किंवा मनाच्या कुठल्याही आजारासाठी गोळ्या चालू असतील तर ध्यान सुरू केलं म्हणून त्या बंद करू नका. डॉक्टरांना सांगूनच पुढे जा.

५. ट्रान्स-हार्बरमधली साधना

बसणं वीस मिनिटांचं असतं आणि दिवस सोळा तासांचा. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या सजगतेवरच्या उपदेशात, चालताना, उभं असताना, बसताना, पडलेलं असताना काय चाललंय ते जाणावं असं सांगितलं आहे. खाताना, कपडे घालताना, बोलताना, गप्प राहतानासुद्धा. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्यांसाठी ही रीत. गाडी सुटली की दिघा गावापर्यंत लक्ष फक्त पायांच्या तळव्यांवर: वजन कुठल्या पायावर आहे, गाडी वळली की कुठे सरकतं. ऐरोलीपर्यंत हात आणि खांदे. कडी जरुरीपेक्षा जास्त आवळून धरलेली असते, खांदे कानापर्यंत चढलेले असतात, सैल सोडा. रबाळ्यापर्यंत नुसते आवाज ऐका, चांगला-वाईट न ठरवता. घणसोलीपर्यंत डब्यातल्या कुठल्याही एका अनोळखी माणसाकडे पाहून मनातल्या मनात म्हणा, याचा दिवस सुखाचा जावो. डोळे उघडेच ठेवायचे. बाहेरून कुणाला काही कळतही नाही.

गर्दीत कुणाच्या बॅगेचं बक्कल पाठीत रुततं, तेव्हा खरं शिकायला मिळतं. आधी नुसता टोचण्याचा अनुभव असतो. त्याच्या मागोमाग ‘नको’ येतं, मग ‘याला अक्कल नाही का’, मग तोंडातून शब्द. हे सगळं इतकं झटपट होतं की एकच वाटतं. रोज बसणाऱ्याला हळूहळू टोचणं आणि ‘नको’ यांच्यातली फट दिसायला लागते. तिथे थांबता आलं तर ‘भाऊ, बॅग जरा पुढे घेता का’ हे साध्या आवाजात निघतं. बॅग बाजूला घ्यायला सांगायचं नाही, गप्प सोसायचं, असा याचा अर्थ मुळीच नाही.

गाडीत चढता-उतरताना, पुलावरच्या रेटारेटीत किंवा घोडबंदर रोडवर स्कूटर चालवताना श्वास पाहत बसू नका. तेव्हा रस्ता आणि माणसं हाच ध्यानाचा विषय.

६. विहार आणि सोबती

एकट्याने फार काळ टिकत नाही. बुद्धांचे शिष्य आनंद एकदा त्यांना म्हणाले, चांगले मित्र मिळणं म्हणजे अर्धी साधना. बुद्ध म्हणाले, अर्धी नव्हे, पूर्णच.

आपल्याकडे बहुतेक वस्त्यांत विहार आहे. रविवारी किंवा पौर्णिमेला जा. चप्पल बाहेर, शक्यतो पांढरे कपडे, मोबाइल बंद. त्रिसरण-पंचशील, बुद्ध-धम्म-संघ वंदना, भीमस्मरण अशा क्रमाने वंदना होते. पाठ नसेल तर हात जोडून ऐका, तिसऱ्या-चौथ्या वेळी ओळी आपोआप ओठांवर येतात. वंदनेचं छोटं पुस्तक बहुतेक विहारांत मिळतं, नाहीतर शेजारी बसलेली मावशी स्वतःचं पुढे करते. नव्या माणसाने जायला सर्वांत चांगला काळ वर्षावासाचा (भिक्खू पावसाळ्यात एका जागी राहतात तो), आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत. त्या तीन महिन्यांत अनेक विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या बाबासाहेबांच्या ग्रंथाचं रोज वाचन होतं. एक पान कुणीतरी वाचतं, मग त्यावर बोलणं होतं. प्रश्न विचारायला घाबरू नका.

ज्यांना श्वास हवा पण विहारातली माणसं नकोत, त्यांना माझं मनापासून सांगणं आहे: इथे हा धम्म माणसांच्या बरोबरीच्या हक्कासाठी परत आला. तो भाग वगळून उरलेली शांती घेता येते असं मला वाटत नाही. वस्तीतल्या विहारात सतरंजीवर खांद्याला खांदा लावून बसणं हीही साधनाच आहे.

सोबती जमले की एखाद्या रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांना जा. (सोमवारी राष्ट्रीय उद्यान बंद असतं.) इसवी सनाच्या आधीच्या शतकापासून हजारेक वर्षं तिथे भिक्खू राहत होते, शंभरावर लेण्या आहेत. चैत्यगृहापाशी गर्दी असते, म्हणून वर चढत जा. वरच्या छोट्या लेण्यांत दगडातच कोरलेले ओटे आहेत, बाहेर पाण्याची टाकी. अर्धा तास तिथे गप्प बसा. डबा न्या आणि कचरा परत आणा.

७. दहा दिवसांचं शिबिर

दोन-तीन महिने रोज बसणं झालं की विपश्यना शिबिराचा विचार करा. सत्यनारायण गोएंका १९६९मध्ये ब्रह्मदेशातून ही पद्धत घेऊन भारतात आले आणि १९७६मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी उभं राहिलं. आपल्याला जवळची केंद्रं म्हणजे बेलापूरच्या पारसिक हिलवरचं धम्म विपुल आणि टिटवाळ्याजवळचं धम्म वाहिनी. अर्ज ऑनलाइन भरायचा. जागा लवकर भरतात, म्हणून काही महिने आधी बघा. राहणं, जेवण, शिकवणं यांचं कुठलंही शुल्क नाही. शेवटी स्वेच्छेने दान देता येतं. कुणी शिबिराच्या नावाने आधी पैसे मागत असेल तर ते या परंपरेचं शिबिर नव्हे.

रजेचा हिशेब नीट करा. शिबिर ‘दहा दिवसांचं’ असलं तरी आदल्या दुपारी पोचायचं असतं आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटका होते. म्हणजे बारा तारखा. राज्य सरकारी नोकरीत असाल तर यासाठीच्या रजेबद्दल आस्थापना शाखेत विचारा.

सोबत न्यायचं:

- आधार कार्ड किंवा फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र आणि प्रवेश मिळाल्याचा मेसेज किंवा मेल
- चालू औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी. अर्जातही आजार लपवू नका
- सैल, अंग झाकणारे साधे कपडे, चादर, टॉर्च, पावसाळ्यात छत्री
- वासाचं तेल, अत्तर, दागिने घरी. फोन तिथे जमा करावा लागतो

पहाटे चारला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद. दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन, पण आचार्यांशी आणि व्यवस्थापकांशी बोलता येतं. पहिले तीन दिवस श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना नुसत्या पाहणं. त्यानंतर रोज तीन वेळा तासभर न हलता बसायचं असतं. तुम्ही घरी रोज बसत असाल तर याचा धसका कमी बसतो. संध्याकाळी जेवण नाही. नव्या साधकांना पाच वाजता चहा आणि फळं मिळतात. दुसऱ्या आणि सहाव्या दिवशी पळून जावंसं वाटतं, हे तिथे मुरलेले साधक नेहमी सांगतात. वाटलं तर आचार्यांना जाऊन सांगा, बॅग भरू नका.

जाण्याआधी घरच्यांना केंद्राचा नंबर लिहून द्या. गॅस, बिलं, औषधं, आईची तपासणी, सगळं कुणाकडे तरी सोपवून जा. मागे घोर ठेवून गेलात तर दहा दिवस तोच दिसेल.

८. परत आल्यावर, आणि खंड पडला तर

शिबिरात सकाळ-संध्याकाळ तासभर बसायला सांगतात. लहान मूल किंवा आजारी माणूस घरात असेल तर लगेच जमत नाही. सकाळचा वेळ मात्र सोडू नका. रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं मैत्री, म्हणजे मनातून भलं चिंतणं: आधी स्वतःसाठी, मग घरच्यांसाठी, मग ज्याच्याशी बिनसलंय त्याच्यासाठी.

घरच्यांना उपदेश करू नका. नवऱ्याने किंवा सासूबाईंनी बसावं म्हणून मागे लागलात की ते आणखी लांब जातात. तुमचं चिडणं कमी झालेलं त्यांना दिसलं तर ते आपणहून विचारतील. नाही विचारलं तरी चालेल.

खंड पडतो. गणपती, परीक्षा, आजारपण, बदली, काहीही कारण पुरतं. पडला तर राहिलेल्या दिवसांची भरपाई म्हणून एकदम दोन तास बसू नका. येत्या पौर्णिमेला विहारात जाऊन पुन्हा पंचशील घ्या आणि दुसऱ्या दिवसापासून दहा मिनिटांनी सुरुवात करा. दहा दिवसांचं शिबिर केलेलं असेल तर एक दिवसाच्या शिबिराला जा. गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोड्यात ती जुन्या साधकांसाठी नियमित होतात. ठाण्याहून घोडबंदर रोडने भाईंदरला आणि तिथून उत्तनमार्गे जाता येतं. सकाळी लवकर निघा, कारण उत्तनच्या पुढे रविवारी फार गर्दी असते.